कॉम्प्युटरच्या पेटीत काय काय असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेस्कटॉप कॉम्प्युटर वर्षानुवर्षं वापरूनही त्याची पेटी एकदाही न उघडलेली माणसं खूप भेटतात. काही बिघडलं की ती पेटी उचलून नेतात, समोरचा सांगेल ते बदलून घेतात, आणि नेमकं काय बदललं हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण डेस्कटॉप हे मुळात उघडता येणारं आणि एकेक भाग बदलता येणारं यंत्र आहे. नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

सगळेजण पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. ते चूक आहे का?

बोलण्याच्या ओघात चालून जातं, पण दुरुस्तीच्या वेळी घोळ होतो. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, तळहातावर सहज मावणारी एक चौकोनी चिप. ‘सीपीयू गेला’ असं सांगत कुणी येतं आणि गेलेला असतो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. प्रोसेसर तर सगळ्या भागांमध्ये सर्वांत कमी बिघडणारा भाग आहे. पेटीला कॅबिनेट म्हणावं, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पेटी उघडली तर आत काय दिसेल?

मागच्या बाजूचे दोन स्क्रू काढून एका बाजूचा पत्रा मागे सरकवला की आधी नजरेत भरतो तो मोठा सपाट बोर्ड. तो मदरबोर्ड. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात पंखा बसवलेला धातूचा ठोकळा दिसतो. त्याच्याखाली प्रोसेसर दडलेला असतो, त्यामुळे प्रोसेसर स्वतः कधीच थेट दिसत नाही. शेजारी उभ्या लावलेल्या पट्ट्या म्हणजे रॅम, चालू कामाची मेमरी. खालच्या भागात आडव्या खाचा (स्लॉट) असतात, पडद्यावरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यांतल्या सगळ्यात लांब खाचेत बसलेलं असतं. एका कोपऱ्यात, जुन्या पेट्यांमध्ये वर आणि नव्यांमध्ये बहुधा तळाशी, वायरींचा झुबका बाहेर पडणारा पत्र्याचा डबा असतो. तोच एसएमपीएस. उरली ती फाइली साठवणारी हार्ड डिस्क किंवा एसएसडी.

बस, एवढंच. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीतही मांडणी ढोबळमानाने अशीच होती. त्याचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झवर चालायचा आणि सर्वांत साध्या मॉडेलात रॅम होती १६ किलोबाइट, हार्ड डिस्क नव्हतीच. पण बोर्डावर पाच मोकळे स्लॉट होते आणि त्यांत इतरांनी बनवलेली कार्डं बसवता येत होती. आकडे हजारो-लाखो पटींनी वाढले तरी भाग सुटे ठेवायची ती पद्धत टिकून आहे. आज तुमच्या पेटीतली रॅम एका कंपनीची, डिस्क दुसरीची आणि कार्ड तिसरीचं असू शकतं ते त्यामुळेच.

आत हात घालायला भीती वाटते. शॉक बसेल का?

वायर भिंतीतून काढलेली असेल तर मदरबोर्ड, रॅम, कार्ड यांना हात लावल्याने तुम्हाला काही होत नाही. तिथे जास्तीत जास्त १२ व्होल्ट असतात, तेही कॉम्प्युटर चालू असताना. अपवाद एकच: एसएमपीएसचा डबा. तो कधीही उघडू नका. त्यातले मोठे कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे भाग, वायर काढल्यावरही बराच वेळ धोकादायक भार धरून ठेवतात. त्याच्यावरचे स्क्रू तुमच्यासाठी नाहीतच असं समजा.

उलट बाजूचा धोका मात्र आहे: तुमच्यामुळे भागांना. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. आपल्याला जाणवणारी बारीक ठिणगी साधारण ३,००० व्होल्टच्या पुढची असते, पण चिपचं नुकसान त्याच्या कितीतरी खाली, आपल्याला काहीही न जाणवता होऊ शकतं. म्हणून कामाआधी आणि मधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावावा, गालिच्यावर बसून काम करू नये, आणि कार्ड किंवा रॅम कडेने धरावी. सोनेरी पट्ट्यांना बोट लागू देऊ नये.

प्रोसेसर नेमकं करतो तरी काय?

फार साध्या गोष्टी, पण अफाट वेगाने. मेमरीतून एक सूचना उचलायची, तिचा अर्थ लावायचा, ती अमलात आणायची, पुढची उचलायची. सूचना तरी कसल्या? हे दोन आकडे मिळव, हा आकडा तिकडे ठेव, हा त्याहून मोठा असेल तर अमुक ठिकाणी जा. तुम्ही पाहता तो व्हिडिओ, हिशेबाची शीट, खेळ, सगळं या बारीक पावलांचं बनलेलं असतं.

१९७१ साली इंटेलने विकायला आणलेल्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म खटके, होते. आजच्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरवर ते अब्जावधी असतात. ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके. एका ठोक्याला वेळ मिळतो पाव नॅनोसेकंद, आणि तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं, तेव्हा मदरबोर्डाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. रॅम प्रोसेसरला चिकटून का लावतात, प्रोसेसरच्या पोटातच कॅश नावाची छोटी मेमरी का ठेवतात, या प्रश्नांची उत्तरं त्या साडेसात सेंटिमीटरमध्ये आहेत. माहिती जितकी लांब, तितके ठोके प्रोसेसर नुसता वाट बघत घालवणार. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

म्हणजे जास्त गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर घ्यावा?

एकाच कंपनीच्या एकाच पिढीतले दोन प्रोसेसर असतील तर ही तुलना ठीक. पिढ्या वेगळ्या असतील तर गिगाहर्ट्‌झ फसवतात, कारण नवा प्रोसेसर एका ठोक्यात जुन्यापेक्षा जास्त काम उरकतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा ४ गिगाहर्ट्‌झ आणि आजचा ४ गिगाहर्ट्‌झ यांत बरंच अंतर आहे.

कोअरचंही तसंच. कोअर म्हणजे एकाच चिपवरचे वेगवेगळे प्रोसेसर. काम वाटून देता येत असेल तर आठ कोअर चारांवर मात करतात. व्हिडिओ संपादन किंवा मोठी फाइल कॉम्प्रेस करणं ही अशी कामं. पण पुष्कळ कामं एकामागून एकच होऊ शकतात, तिथे बाकीचे कोअर रिकामे बसतात. पत्रं लिहिणं, हिशेब, इंटरनेट, व्हिडिओ बघणं एवढ्यासाठी आजचा चार किंवा सहा कोअरचा प्रोसेसर पुरून उरतो. इथे वाचवलेला पैसा एसएसडी आणि रॅममध्ये घाला, हे माझं ठाम मत आहे.

रॅम आणि हार्ड डिस्क दोन्हीही ‘जीबी’तच मोजतात. मग फरक काय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो समजला की कॉम्प्युटर समजला. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कपाट. वीज गेली तरी तिथलं सामान तिथेच राहतं. रॅम म्हणजे काम करायचं टेबल. कपाटातली फाइल टेबलावर काढल्याशिवाय प्रोसेसरला तिच्यावर काम करता येत नाही, आणि वीज गेली की टेबल साफ.

ते साफ का होतं याचं कारण रॅमच्या रचनेत आहे. तिच्यात प्रत्येक बिटासाठी (बिट म्हणजे ० किंवा १) एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर असतो. ही युक्ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, तिच्या पेटंटवर १९६८ साल आहे. कपॅसिटरमधला भार सतत झिरपत असतो, म्हणून डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळे बिट वाचून पुन्हा भरावे लागतात. तळाला भोक असलेल्या भांड्यात पाणी घालत राहावं तसं. वीज बंद झाली की भरणारा हात थांबतो आणि भांडं रिकामं होतं.

आता वेग. रॅममधून माहिती यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीतून सुमारे १०० मायक्रोसेकंद, हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. हे आकडे मनात उमटत नाहीत, म्हणून ताणून बघू. रॅमला एक सेकंद लागतो असं धरा. मग एसएसडीला सतरा मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कला एक दिवस उलटून वर चार तास. रॅम कमी पडली की विंडोजसारखी सिस्टीम नाइलाजाने टेबलावरचं सामान कपाटात हलवते आणि पुन्हा लागलं की परत आणते. ‘कॉम्प्युटर हँग होतो’ असं आपण म्हणतो तेव्हा अनेकदा आत हीच ने-आण चाललेली असते.

मग रॅम किती घ्यावी?

साध्या कामाला ८ जीबी पुरते, पण ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर पुरत नाही. आज नवा कॉम्प्युटर घेणाऱ्याने १६ जीबी घ्यावी. व्हिडिओ संपादन, मोठे खेळ, व्हर्च्युअल मशीन यांसाठी ३२. त्याहून पुढचं ज्यांना लागतं त्यांना ते आधीच माहीत असतं.

सिस्टीम ३२ बिटची असेल तर ती ४ जीबीच्या पुढे सहसा बघूच शकत नाही, कारण ३२ बिटांत मेमरीतल्या जागांचे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मावतात. फार जुन्या कॉम्प्युटरमध्ये रॅम वाढवण्याआधी हे तपासा.

जुन्या पट्टीशेजारी नवी पट्टी लावली तर चालते का?

पिढी एकच असली पाहिजे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, लांबीही सारखीच, पण मधली खाच थोड्या वेगळ्या जागी असते. ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे, कारण व्होल्टेज आणि आतली मांडणी वेगळी आहे. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका.

पिढी एक आणि वेग वेगळा असेल तर बहुतेक वेळा दोन्ही पट्ट्या कमी वेगाच्या पट्टीच्या चालीने चालतात. बहुतेक वेळा म्हणालो, कारण वेगवेगळ्या जातीच्या पट्ट्या कधीकधी जुळतच नाहीत. शक्य असेल तर एकाच पाकिटातली जोडी घ्यावी. एका १६ जीबीच्या पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या, कारण प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. चार स्लॉटच्या बोर्डावर ही जोडी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायची असते. बोर्डासोबतच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते बघून घ्या.

हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी?

ज्यावर सिस्टीम आहे ती एसएसडीच हवी. या उत्तराला माझ्याकडे ‘पण’ नाही.

हार्ड डिस्कच्या आत खरोखरच्या चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून चुंबकीय हेड तरंगत जातं, पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर उंचीवरून. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, आणि हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावंच लागतं. हेड हलवायचा वेळ वेगळा. हा यंत्राचा, हालचालीचा वेळ आहे. कितीही हुशार प्रोग्रॅम लिहिला तरी तो वाचत नाही. एसएसडीत काही फिरतच नाही. फ्लॅश मेमरीच्या पेशींत अडकवून ठेवलेला विद्युतभार म्हणजेच माहिती.

तरी हार्ड डिस्कची जागा अजून आहे. फोटो, जुने व्हिडिओ, बॅकअप अशा मोठ्या आणि क्वचित लागणाऱ्या साठ्याला ती स्वस्तात पुरते. एसएसडी मात्र बरीच वर्षं वीज न देता कपाटात ठेवू नये, पेशींतला भार हळूहळू गळतो. तसंच ती काठोकाठ भरू नये, थोडी मोकळी ठेवली तर वेग टिकतो.

आणि दोन्हींपैकी कुठलीही कधीही जाऊ शकते. हार्ड डिस्क निदान टकटक आवाज करून इशारा देते, तोही नेहमी नाही. एसएसडी बऱ्याचदा काल चालू आणि आज नाही अशी जाते. एका परिचिताच्या मुलीच्या लहानपणीचे सगळे फोटो असे गेले, दुसरी प्रत कुठेच नव्हती. रॅम, बोर्ड, प्रोसेसर सगळं पुन्हा आणता येतं, ते फोटो आणता आले नाहीत. ज्या फाइलची एकच प्रत आहे ती फाइल अजून नीट ठेवलेलीच नाही, असं धरून चाला.

१ टीबीची डिस्क घेतली, पण ९३१ जीबीच दिसते. फसवलं का?

नाही. डिस्क बनवणारे दशमान पद्धतीने मोजतात: १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट. विंडोज तेच बाइट १,०२४ ने तीनदा भागून दाखवतं, म्हणून ९३१. बाइट पूर्ण आहेत, मापं दोन आहेत.

एम.२ आणि एनव्हीएमई एकच ना?

एकच नाही. एम.२ हा आकार आहे, बोर्डावर आडवी बसणारी बारीक पट्टी. तिच्यावर ‘२२८०’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. एनव्हीएमई ही माहिती वाहून नेण्याची पद्धत आहे. एम.२ आकाराच्या काही एसएसडी आतून जुन्या साटा पद्धतीच्याच असतात.

साटाची मजल सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत. एनव्हीएमई ज्या वाटेने माहिती नेते त्या पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीतल्या चांगल्या एनव्हीएमई सुमारे ३,५०० पर्यंत जातात, चौथ्या पिढीतल्या ७,००० च्या आसपास. बोर्डावरचा स्लॉट कुठली पद्धत घेतो ते विकत घेण्याआधी बघावं लागतं, कारण पट्टी बसली म्हणजे चालेलच असं नाही. रोजच्या वापरात हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो तो डोळ्यांत भरणारा असतो, साटावरून एनव्हीएमईवर येताना तितका नाही. जुन्या बोर्डावर एनव्हीएमईची सोय नसेल तर हळहळू नका.

मदरबोर्ड निवडताना काय बघायचं?

आधी सॉकेट. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिचा प्रकार जुळला नाही तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे प्रोसेसर पिना असलेले असतात, तर एएम५ मध्ये आणि इंटेलच्या सध्याच्या सॉकेटांत पिना बोर्डावर असतात. या पिना केसासारख्या बारीक असतात आणि एकदा वाकल्या की सरळ करणं फार अवघड जातं, म्हणून प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून घ्या.

मग आकार. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या पेटीत छोटा बोर्ड बसतो, उलट नाही. त्यानंतर रॅमची पिढी आणि स्लॉट, एम.२ च्या जागा, मागचे यूएसबी. रंगीत दिव्यांनी वेग वाढत नाही.

कॉम्प्युटर चालू केला की तारीख दरवेळी मागे गेलेली असते.

बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला. त्याच्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब ३ व्होल्ट. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं मुख्य काम. वायर काढून सेल बदला आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, तारीख लावा. लहान मुलांच्या हाती तो सेल लागू देऊ नका, गिळला गेला तर जिवावर बेतू शकतं.

एसएमपीएसवर जास्त खर्च का करायचा? तो नुसती वीजच तर देतो.

‘नुसती वीज’ हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. भिंतीतून येणारा दिशा बदलत राहणारा प्रवाह घ्यायचा, त्याचा १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा स्थिर प्रवाह करायचा आणि भार क्षणात कितीही वरखाली झाला तरी तो स्थिरच ठेवायचा, हे त्याचं काम. एखादी रॅम वाईट निघाली तर रॅम बदलून भागतं. वाईट एसएमपीएस जाताना बोर्ड, कार्ड, डिस्क सगळ्यांना सोबत नेऊ शकतो. कधी अधूनमधून रीस्टार्ट, कधी खेळ मध्येच बंद पडणं अशा विचित्र तक्रारींच्या मुळाशी बरेचदा तोच असतो आणि त्याच्यावर संशय सर्वांत शेवटी जातो. स्वतःसाठी मशीन जुळवताना मी एसएमपीएसवर कधीच काटकसर करत नाही.

वॅटचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. ६५० वॅटचा एसएमपीएस सतत ६५० वॅट खात बसत नाही, भाग मागतील तेवढंच देतो. मात्र भिंतीतून तो त्याहून थोडं जास्त ओढतो. भागांना ४०० वॅट हवेत आणि कार्यक्षमता ८० टक्के असेल तर भिंतीतून ५०० येतात आणि मधले १०० उष्णता होऊन जातात. डब्यावरचं ‘८० प्लस’ आणि पुढचं ब्रॉन्झ, गोल्ड हे या कार्यक्षमतेबद्दल सांगतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला ४००-४५० वॅटचा चांगला डबा भरपूर झाला. कार्ड असेल तर कार्डाची कंपनी जो आकडा सांगते तो पाळा.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. काही एसएमपीएसच्या केबली सुट्या होतात. त्या केबली दुसऱ्या कंपनीच्या किंवा दुसऱ्या मॉडेलच्या डब्याला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतला वायरींचा क्रम वेगळा असू शकतो, आणि चालू करताक्षणी डिस्क जळते. तसंच प्रोसेसरची आठ पिनी केबल चार-चारांत फुटते आणि ग्राफिक्स कार्डाची सहा-दोनांत. दिसायला सारख्या वाटतात, पण त्या वेगळ्या आहेत.

ग्राफिक्स कार्ड हवंच का?

खेळ, त्रिमितीय काम, व्हिडिओ संपादन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं घरी चालवणं यांतलं काही नसेल तर नको. पुष्कळ प्रोसेसरांच्या पोटात ग्राफिक्स असतंच. फक्त नाव नीट वाचा: इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं त्यांत ते नसतं, तिथे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही.

कार्ड वेगळं का लागतं? १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात आणि सेकंदाला ६० वेळा प्रत्येकाचा रंग ठरवायचा असतो. प्रत्येक ठिपक्याचं गणित साधं आणि शेजाऱ्यापासून बरंचसं स्वतंत्र. अशा कामाला चार-आठ हुशार कोअरपेक्षा हजारो साधे कामकरी बरे. ग्राफिक्स चिप म्हणजे तेच.

नवं कार्ड बसवलं आणि पडदा काळा!

मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डालाच लावलेली असेल. ती काढून कार्डाला लावा. तरी काही नाही आलं तर कार्डाची वेगळी वीज-केबल जोडली आहे ना ते बघा. स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात, मोठ्या कार्डांना ते अपुरे पडतात.

थर्मल पेस्ट, हीट सिंक, हे सगळं कशासाठी?

६५ वॅटची उष्णता बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते. प्रोसेसरचा पृष्ठभाग आणि हीट सिंकचा, म्हणजे त्यावरच्या धातूच्या ठोकळ्याचा, तळ गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात. फटींत हवा, आणि हवा उष्णता फार वाईट वाहते. पेस्ट त्या फटी भरते. मटाराच्या दाण्याएवढी मध्ये ठेवा, हीट सिंकच्या दाबाने पसरते. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते काढायला विसरणारे बरेच असतात.

प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं. दहा मिनिटं बरं चालून मग मंद होणारा कॉम्प्युटर दिसला की मी आधी पंख्याकडे बघतो.

धूळ कशी काढायची?

कॉम्प्युटर बंद, वायर बाहेर. मऊ ब्रश आणि ब्लोअर किंवा हवेचा डबा. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरा, तो भन्नाट फिरू देऊ नका. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. ओलं फडकं तर नाहीच.

बटण दाबलं, काहीच होत नाही. कुठून सुरुवात करू?

बाहेरून आत. भिंतीतला प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड, एसएमपीएसच्या पाठीमागचा छोटा खटका. हसू नका, तो खटका बंद असल्यामुळे पेट्या दुरुस्तीला गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पंखे फिरतात पण पडदा काळा असेल तर वीज येते आहे. मग मॉनिटर चालू आहे का, केबल कुठे लावली आहे. ते ठीक असेल तर वायर काढून रॅम बाहेर काढा, संपर्काच्या पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा आणि दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. एवढ्याने सुरू झालेले कॉम्प्युटर मोजायला बसलो तर हात दुखतील. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट (सिस्टीम सुरू होणं) असे. जो पेटून राहतो तिथे तपास थांबलाय. जुन्या बोर्डांना स्पीकर असेल तर बीप ऐकू येतात, त्यांचे अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत असतात.

डीडीआर५ नव्याने बसवली असेल तर मात्र धीर धरा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. घाईने बटण दाबून बंद करू नका.

पंखेही फिरत नसतील तर संशय एसएमपीएसवर. दुसरा चालू असलेला डबा लावून बघणं हा सर्वांत सोपा निकाल.

कॉम्प्युटर मंद झालाय. आधी काय बदलू?

बदलण्याआधी मोजा. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीचं काम करत राहा आणि आकडे बघा. डिस्क सतत १०० टक्के असेल आणि ती फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम. प्रोसेसर १०० टक्के असेल तर आधी कुठला प्रोग्रॅम त्याला एवढं राबवतोय ते बघा, कारण तो बंद करून काम भागू शकतं. तिन्ही शांत असतील आणि तरी पान उघडत नसेल तर दोष इंटरनेटचा आहे, पेटीचा नाही. हे दोन मिनिटांचं काम न करता लोक नवा कॉम्प्युटर घेतात.

लॅपटॉपला हे सगळं लागू पडतं का?

भाग तेच, पण पुष्कळदा बोर्डावर डकवलेले. प्रोसेसर जवळपास कधीच बदलता येत नाही, रॅम काहींत येते, एसएसडी बहुतेकांत येते. लॅपटॉप घेण्याआधीच रॅम वाढवता येईल का हे विचारून घ्या.

जुना कॉम्प्युटर देऊन टाकायचा आहे. काय करू?

आधी डिस्क बाहेर काढा. फाइल डिलीट केल्याने फक्त तिची नोंद पुसली जाते, मजकूर बराच काळ तिथेच असतो. हार्ड डिस्क असेल तर पूर्ण डिस्कवर नवं काहीतरी लिहून ती पुसणारं साधन वापरा. एसएसडीसाठी तिच्या कंपनीचं सिक्युअर इरेज वापरा, कारण एसएसडी माहिती कुठल्या पेशीत ठेवायची हे स्वतः ठरवते आणि वरून लिहिलेलं नेमकं जुन्याच जागी पडेल याची खात्री नसते. डिस्क चालूच होत नसेल तर ती स्वतःकडे ठेवा.

बाकीचे भाग वेगवेगळे करून बघा. रॅमची पट्टी कुणाच्या तरी त्याच पिढीच्या कॉम्प्युटरला कामी येते, कॅबिनेट आणि पंखे पुढच्या मशीनला. जे खरंच मेलं आहे ते ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, रोजच्या कचऱ्यात नको. आणि देण्याआधी बोर्डावरचा तो नाण्याएवढा सेल काढून घ्या.